बरडावर पेरलेलं लूण

मी भित्री बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. सापाला भिते, विजेला भिते, एसटीच्या ड्रायव्हरनं गाडी जरा वाकडी घेतली की समोरच्या बाकाचा दांडा घट्ट धरते. ह्या भीत्या पाहुण्यांसारख्या येतात आणि जातात. एक मात्र मुक्कामाला आली ती उठलीच नाही. ती आमच्या बरडातल्या कांद्यानं दिली.

आमचा तांडा दिग्रसच्या बाजारापासून गाडीबैलानं सकाळी निघालं तर जेवणवेळेपर्यंत पोचता येईल एवढ्यावर. आम्ही गोर, लोक लमाण म्हणतात. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ, आमच्या बोलीत लूण, लादून मुलुखभर हिंडत. मग रेल्वे आली, बैल रिकामे झाले आणि माणसं जागोजाग बसली. माझ्या सासऱ्यांच्या वडिलांनी नाल्याकाठची जमीन धरली, कारण काळी कसदार जमीन तोवर दुसऱ्यांची झाली होती. उरलं होतं ते बरड. वर वीतभर मुरमाड माती, खाली वाळू आणि गोटे. घागरभर पाणी ओतलं तर ते कुठं गेलं हे शोधावं लागे. पण सासऱ्यांचा तिच्यावर फार जीव. "चालनाऱ्या मानसाले बसाले जागा भेटली, थे हे वावर," असं ते म्हणत. घरात आम्ही आमच्या गोरबोलीत बोलत होतो. इथं मी ते वऱ्हाडीत लिहिते, नाहीतर वाचणाऱ्याची पंचाईत व्हायची.

सासरे असं म्हणत, ते मला मात्र नाही. आमच्यात सून सासऱ्याशी बोलत नाही. पदर नाकाच्या खालपर्यंत ओढायचा, ते आले की बाजूला सरायचं, काही सांगायचं असेल तर सासूला सांगायचं. सासू जवळ नसली तर म्हशीला, बैलाला नाहीतर भिंतीला सांगायचं, म्हणजे ज्याला ऐकायचं तो ऐकतो. आमच्या म्हशीनं त्या घरातली जेवढी गुपितं ऐकली तेवढी कुणीच ऐकली नसतील. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी सासऱ्यांचा चेहरा मला नीट माहीत नव्हता. पाय मात्र पाठ होते. टाचा फाटलेल्या, अंगठे बाहेर वळलेले, आणि डाव्या पायाची करंगळी गाडीच्या चाकाखाली गेलेली.

ही गोष्ट साठ सालाच्या एक-दोन वर्षं इकडची तिकडची. माझा मोठा पोरगा चालता झाला होता आणि मुलगी अंगावर पीत होती. माझा नवरा हिवाळाभर दिग्रसच्या जिनिंगमध्ये कामाला असे आणि बाजाराच्या दिवशी घरी येई. तेव्हा कांदा म्हणजे आम्हा बायकांचं काम. सासरे मोट हाकत, मी पाटाचं पाणी वाफ्यात वळवी. आमच्या बरडातला कांदा मोठ्या सुपारीएवढा होई, मान जाड राही, आणि उन्हाळा संपायच्या आत सडायला लागे. माहेरी मी चौथीपर्यंत शाळेत गेले होते, त्यामुळे घरात कागद वाचायचा असला की मला हाक मारत. ग्रामसेवक आला तेव्हाही सासूनं मलाच पुढं केलं.

तो घाटावरचा पोरगा होता, सायकलीवर गोणी बांधून आला होता. आमच्या वाफ्यांवर प्रात्यक्षिक करायचं म्हणाला. त्यानं गोणीचं तोंड सोडलं. आत पांढरट, मध्येमध्ये लालसर झाक असलेले बारीक खडे होते.

"हे तं मीठ दिसते," मी म्हणाले.

तो हसला. "मीठ नव्हे बाई. हे पालाश. चुलीची राख घालता ना कांद्याला? राखेत जे असतं तेच ह्यात आहे, पुष्कळ जास्त. पण एकदम सगळं द्यायचं नाही. तुमची जमीन हलकी. तिच्यात हे टिकत नाही, पाण्यासरशी खाली निघून जातं. अर्धं लावणीला द्या, अर्धं कांदा पोसायला लागायच्या आधी. आणि पाणी बेतानं द्या."

तो गेल्यावर मी एक खडा जिभेवर ठेवला. खारट लागला, मागून कडवट. मी गोणीचं तोंड पुन्हा बांधून टाकलं. पण बाजाराच्या दिवशी नवरा आला आणि म्हणाला, "सरकारी मानूस आपल्याशी खोटं काहून बोलन? टाक." सासरे तेव्हा पुसदकडं बहिणीच्या तांड्यावर लग्नाला गेले होते. ते असते तर गोष्ट तिथंच संपली असती. मी निम्मी गोणी मोकळी केली, वाफ्यांत मुठीनं पसरली, मातीत कालवली आणि वर रोप लावलं. वरच्या कोपऱ्यातला एक वाफा उंचावर होता, पाटाचं पाणी तिथं चढत नसे. त्यालाही तेवढंच खत घातलं आणि त्याला पाणी घागरीनं घालत राहिले. उरलेली निम्मी गोणी तोंड बांधून घरात कोपऱ्यात ठेवली.

सासरे परत आले ते वावरावरूनच, आणि गोठ्यात बैल बघायला जाताना त्या गोणीपाशी थांबले. मी चुलीपाशी होते, पदराखालून पाय दिसत होते. ते खाली बसले. गोणीच्या शिवणीत अडकलेला चुरा त्यांनी बोटावर घेतला. बोट वर, जिभेकडं गेलं. नंतर ते उठून गोठ्यात गेले आणि म्हशीला म्हणाले, "म्हशे, माह्या वावरात लूण कोनं पेरलं व?"

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. माझी भाकर तव्यावर तशीच करपली.

ह्यात एवढं भ्यायचं काय, असं आज कुणी म्हणेल. मीठ सांडलं की मेल्यावर ते पापण्यांनी वेचावं लागतं, हे सगळ्याच घरांत पोरांना सांगतात आणि पोरं हसतात. आमच्याकडं हसत नसत. ज्यांच्या सात पिढ्या मिठानं पोसल्या, त्यांना मिठाची थट्टा परवडत नाही. सासूच्या हातून चिमूटभर मीठ भुईवर पडलं तर ती बोट ओलं करून कण न् कण उचली. शिवाय आमच्या तांड्याबाहेर, नाल्याच्या पलीकडं, एक भुंडी जागा होती. चारी बाजूंनी गवत माजे, तिथं काडी उगवत नसे. जुन्या काळी मिठाच्या गोण्या तिथं उतरवत, असं म्हाताऱ्या सांगत. जमिनीनं एकदा मीठ खाल्लं की ती जन्माची वांझ. मी रोज त्या जागेवरून जात होते. आणि आता मी आमच्या एकुलत्या एक वावरात तेच पेरून बसले होते, तेही दोन्ही हातांनी, मूठमूठ.

सासूनं मला जवळ बसवून एवढंच विचारलं, "तुह्या हातानंच टाकलं का वं?"

"हो."

"मंग बापा," ती म्हणाली आणि तिनं कपाळाला हात लावला.

मी तिला राखेचं सांगितलं, पालाशचं सांगितलं. तिनं सासऱ्यांना सांगितलं. पण तीन तोंडांतून गेलेली गोष्ट शेवटी कशी उरते ते तुम्हाला माहीत आहे. सासऱ्यांपर्यंत गेलं ते इतकंच, की सरकारी माणूस मिठाला राख म्हणतो. पाण्यासरशी खाली निघून जातं, पाणी बेतानं द्या, हे मी सांगायचंच विसरले की सासू विसरली, कुणास ठाऊक. थेट बोलायची सोय असती तर मीच घडाघडा बोलले असते. माझं तोंड काही लहान नव्हतं, पदर मोठा होता.

त्यानंतर सासरे ह्या विषयावर कुणाशीच बोलले नाहीत. म्हशीशीसुद्धा नाही. रोप लागलं, हिरवं झालं. मी जरा श्वास सोडला. कापसाची वेचणी जोरात होती, मी मुलीला पाठीशी बांधून दुसऱ्यांच्या वावरात वेचायला जाई आणि दिवस मावळताना परते. येताना कांदा बघितल्याशिवाय घरात पाऊल टाकत नसे.

आणि एक दिवस शेंडे पिवळे दिसले.

आधी दोन-चार पातींचे, मग साऱ्या वाफ्याचे. जुनी पात टोकाकडून वाळत खाली येऊ लागली, कुणी विस्तव टेकवून गेल्यासारखी. लूण चढलं, दुसरं काय! मला त्या पिवळ्या शेंड्यांमागं नाल्यापलीकडची भुंडी जागा दिसायला लागली. माझा पोरगा मोठा होऊन ह्याच बांधावर उभा आहे आणि म्हणतो आहे, आमच्या आईनं मारलं हे वावर. तेव्हा तो धड बोलतही नव्हता, पण माझ्या कानात त्याचं ते वाक्य पक्कं झालं होतं. ग्रामसेवकाला विचारावं तर त्याचा पत्ता नाही. कुणी म्हणे बदली झाली, कुणी म्हणे तापानं गावी गेला.

मग मी वेड्यासारखं एक केलं. आजूबाजूला कुणी नाही बघून वाफ्यात गुडघ्यावर बसले आणि माती चाटली. जीभ माझीही त्याच कुळातली, खारट लपणार नाही असं वाटलं. माती नुसती मातीच लागली. दुसऱ्या वाफ्यात चाटली, तिसऱ्यात चाटली. कुठंच खार नाही. ह्यानं मला धीर यायला हवा होता, पण उलटंच झालं. मला वाटलं, खोल उतरलं असेल, मुळाशी बसलं असेल. भ्यालेल्या माणसाला होय म्हणा की नाही म्हणा, तो दोन्हींतून भीतीच काढतो. तोंडात वाळू कचकचत होती आणि मी रडत होते. घरी आल्यावर सासूनं विचारलं, ओठाले काय लागलं? मी म्हणाले, पडली.

सासरेही वाळले होते. जेवताना ताटातली अर्धी भाकर तशीच राही. त्यांचे पाय रोज ओले, चिखलानं भरलेले दिसत. ओलिताचा दिवस नसतानाही दिसत. हे मी बघत होते, पण भ्यालेला माणूस बघतो, त्याला दिसत नाही.

एकदा वेचणीच्या वावरात मुलगी तापली म्हणून मी भर दुपारी परत निघाले. नाल्यातून चढले तर पाण्याचा आवाज. आमच्या वावराच्या खालच्या अंगाला बांध फोडलेला होता आणि कांद्यातून वाहत आलेलं पाणी झुळझुळ नाल्यात उतरत होतं. वाफे तुडुंब. मोट थांबलेली, सासरे बैलांना सावलीत घेऊन गेलेले असावेत. पाटाच्या कडेला चिखलात पावलं उमटली होती. अंगठे बाहेर वळलेले आणि डाव्या पायाची करंगळी नाही.

मी मुलीला काखेत घेऊन उभी राहिले. आधी राग आला, इतका की डोकं बधिर झालं. मग हळूहळू उलगडलं. म्हातारा लूण धूत होता. मी वेचायला गेले की रोज मोट जोडायची, वाफे भरायचे, बांध फोडून पाणी नाल्यात सोडायचं आणि मी यायच्या आत बांध बुजवायचा, म्हणजे सुनेनं पेरलेलं मीठ धुऊन जाईल आणि वावर वाचेल. बरड पाणी पिऊन टाकी, संध्याकाळी मी यायच्या वेळेला वाफे वरून कोरडेच दिसत. त्यांनी मला जाब विचारला नाही, नवऱ्याकडं तक्रार केली नाही. एकट्यानं पाणी ओढत राहिले.

नजर वर गेली ती कोपऱ्यातल्या उंच वाफ्यावर. तिथं पाटाचं पाणी चढत नव्हतं. तिथं फक्त माझी घागर. आणि तिथली पात शेंड्यापर्यंत हिरवीगार होती. इतके दिवस मी जळलेलंच बघत होते, त्या वाफ्याकडं नीट पाहिलंच नव्हतं. मीठ तर तिथंही तेवढंच होतं. मग ते तिथं का जाळत नव्हतं? ग्रामसेवकाचे शब्द तेव्हा आठवले. हलक्या जमिनीत टिकत नाही, पाण्यासरशी खाली निघून जातं. कांद्याला ते जास्त झालं नव्हतं, ते त्याला उरलंच नव्हतं.

हे कळलं आणि भीती गेली, असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी चौथी शिकलेली बाई. माझा तर्क चुकीचा असला तर? आणि हे सासऱ्यांना सांगायचं कसं? सासूकडून सांगितलं तर पुन्हा मिठाची राख व्हायची. दुसऱ्या दिवशी मी वेचणीला गेले नाही. सासरे विहिरीपाशी बैल जुंपत होते. मी पदर ओढला, डाव्या बाजूच्या बैलाच्या गळ्यापाशी गेले. बैलाला म्हणाले, "बैला, थ्या वरच्या कोपऱ्यातला वाफा पाह्य जरा. तिथं तुह्यं पानी चढत नाही. लूण तिथंबी तेवढंच हाय. मंग तिथं पात हिरवी काहून? धुऊन नोको काढू बैला. ते त्याचं खानं होय."

बैलानं कान हलवले. पलीकडचे पाय जागच्या जागी थांबले. मग ते पाय वळले आणि वरच्या कोपऱ्याकडं गेले. वाफ्याशी बसले. किती वेळ बसले ते सांगता येणार नाही, पण माझ्या मुलीनं तेवढ्यात मातीत खेळून कंटाळून रडायला सुरुवात केली. सासरे परत आले, बैल सोडले आणि खालच्या बांधाचं भगदाड मातीनं कायमचं बुजवलं. त्या दिवसापासून मोट नेमल्या दिवशीच चालली.

राहिला प्रश्न कोपऱ्यातल्या गोणीचा. अर्धं खत अजून द्यायचं होतं, कांदा पोसायला लागायची वेळ जवळ आली होती. मी रोज त्या गोणीकडं बघे आणि हात मागं घेई. तर्क खरा असला तर हेच कांद्याचं औषध. तर्क खोटा असला तर मी त्या वावराच्या तोंडात दुसऱ्यांदा मीठ घालणार. सासूला विचारलं तर ती म्हणे, तुह्यं तू पाह्य. शेवटी एका सकाळी देवाचं नाव घेतलं, गोणीला हात घातला आणि उचलायला गेले तर ती दुसरीकडून ओढली गेली. सासऱ्यांनी तिचा तळ धरला होता. मी हात सोडून मागं सरले.

ते दारातल्या सासूकडं वळून बोलले. मी समोरच उभी होते, तरी बोलले सासूशीच. "तिले सांग, हात लावजो नोको. लेकरावाली हाय ते. तिच्या पापन्या तरन्या हायत, तिले त्या लागतीन. माह्या म्हाताऱ्या झाल्या. म्या टाकतो."

म्हणजे त्यांना पटलं नव्हतं. वाफा हिरवा होता हे त्यांच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, पण त्यांच्या जिभेला ते मीठच होतं आणि ते भुईवर टाकणं पापच होतं. कांद्याला ते हवंय एवढं त्यांनी मानलं. पापाचा वाटा त्यांनी आपल्याकडं घेतला.

मी बांधावर उभी राहून पाहिलं. ते वाफ्यावाफ्यातून वाकत गेले. मूठ उघडण्याआधी दर वेळी जमिनीला हात लावून कपाळाला लावत. मी बांधावरून त्यांच्या मुठी मोजत होते. ह्या म्हाताऱ्याला खरंच कुठंतरी वाकून, डोळे उघडझाप करत हे सगळं वेचावं लागलं तर? एवढं? बरडातल्या वाळूतून?

कांदा जगला. जळलेले शेंडे जळलेलेच राहिले, नवी पात मात्र हिरवी आली. कोपऱ्यातल्या वाफ्यासारखा बाकीचा पोसला नाही, पण माना बारीक होऊन नीट वाळल्या आणि तो कांदा आखाड लागेपर्यंत टिकला. नवरा खूश झाला आणि बाजारात सगळ्यांना आपण कसं धाडस केलं ते सांगत सुटला. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला पुरुषांना कोण अडवणार! पुढं नवा ग्रामसेवक आला, गोण्या आल्या. त्यानंतर दर वर्षी दोन्ही हप्ते सासरे स्वतः टाकत. मला गोणीला बोट लावू दिलं नाही. वावर मेलं नाही, आजही पिकतं. पण दर हिवाळ्यात शेंडे निरखताना मुक्कामाला आलेली ती भीती जागी होई.

काही वर्षांनी, ते दशक संपायच्या आत, सासरे गेले. सकाळी झोपेतच गेले. बायका रडत होत्या, सासू सुन्न बसली होती. डोळे अर्धवट उघडे राहिले होते. ते कुणीतरी मिटायला हवे होते. मी पुढं झाले. पदर मागं सारला आणि पहिल्यांदा त्यांचा चेहरा जवळून पाहिला. कपाळावर चौकटीसारख्या सुरकुत्या, नाक माझ्या पोरासारखं. पापण्यांवर बोटं ठेवली. तिथले केस पांढरे होते, विरळ होते. मोजकेच उरले होते.

एवढ्याशा पापण्यांनी किती वर्षांचं वेचणार, ह्या विचारानं माझा जीव गलबलला. सगळ्या तांड्यादेखत, म्हशीचा न् भिंतीचा आडोसा न घेता, मी त्यांच्याशी पहिल्यांदा बोलले. त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "बा, पयल्या वर्षाचं अर्धं माह्या हातचं हाय. तेवढं वेचू नोका. माह्यासाठी राहू द्या."